खोडलेली लाल खूण

कपाट आवरताना देऊळघाटच्या शाळेतलं जुनं हजेरीपत्रक हाती आलं. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि चौथीचा तो वर्ग समोर उभा राहिला.

मी नवीन शिक्षिका होते, घाईत होते. मंदाचं नाव घेतलं, उत्तर आलं नाही, म्हणून लाल शाईने गैरहजर मांडून मोकळी झाले. ती तर समोरच बसली होती. ओठ हलत होते, पण 'ह' काही निघत नव्हता. वर्ग खिदळला.

तशी मंदा ताठ उभी राहिली. "बाई, म-मी अटकते. मले येळ लागते. तुमी थांबा."

मी लाल खूण खोडली, पुन्हा नाव घेतलं आणि पेन खाली ठेवला. चाळीस पोरं चिडीचूप झाली. एवढी शांतता पाहून मुख्याध्यापक दारात आले. "काऊन, काय झालं?"

मघाशी सगळ्यांत मोठ्याने हसलेली वच्छी दबक्या आवाजात म्हणाली, "थांबा सर, आमची मंदा बोलून राह्यली."

सरही थांबले.

कितीतरी वर्षं मी सांगत आले, की त्या पोरांना थांबायला मी शिकवलं. छे! मी फक्त पेन खाली ठेवला होता.

आणि मग तो शब्द आला, खणखणीत, पार पटांगणापर्यंत, "ह... हजर, बाई!"