बाबांची ओंजळ आणि माझी पाणथळ

इंग्लंडात, लेस्टरच्या बाहेर, एका खेड्याच्या सांडपाणी केंद्रामागं मी एक पाणथळ बांधली आहे. बांधली म्हणजे डिझाइन माझं, त्यावरची सहीही माझी. मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. केंद्रातून सुटलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात फॉस्फेट उरतं. ते नदीत गेलं की शेवाळ माजतं, मासे गुदमरतात. म्हणून ते पाणी आम्ही उथळ तळ्यांतून, पाणकणसांच्या मुळांमधून हळूहळू फिरवतो आणि मगच ओढ्याला सोडतो.

आई-बाबा आले होते त्या उन्हाळ्यात त्यांना तिथं नेलं. बाबा आमच्या गावच्या नगरपालिकेत वॉलमन होते. सगळी हयात गल्लोगल्ली पाणी सोडण्यात गेली. डोक्यावर हेल्मेट, अंगात माझं जास्तीचं, चमकत्या पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट, अशा थाटात ते बांधावरून फिरले.

"गवत लावायला एवढं शिकलीस होय?"

"गवत नाही, बाबा. इंजिनिअरिंग आहे."

"बरं. इंजिनिअरिंगचं गवत."

शेवटच्या पाइपापाशी ते सवयीनं वाकले. पाणी सोडलं की पहिली धार ओंजळीत धरून बघायची, ही त्यांची जुनी रीत.

"बाबा, हात नका लावू! ग्लव्हजशिवाय चालत नाही इथं."

त्यांनी हात मागं घेतले. नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "माझी राख इथंच सोड, बाई. असं पाणी आपल्याकडे नाही."

"काय अभद्र बोलता हो!" आई चिडली.

मी म्हणाले, "राखेत फॉस्फेट असतं, बाबा. हाडांतलं. तेच काढायचा तर मला पगार मिळतो."

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. परत जाईस्तोवर फोनवर ज्याला त्याला सांगत होते, "लेकीनं मला आत्ताच नापास केलंय."

पुढं ते गावीच वारले. मी पोचले तोवर भावानं अग्नी दिला होता. अस्थी घेऊन आम्ही नदीवर गेलो, तर घाटापासून पलीकडच्या काठापर्यंत जलपर्णी. हिरवी गादीच अंथरलेली, पाणी दिसेना. वरच्या अंगाला गावाची गटारं नदीत येतात, त्यांच्यावरच ती पोसलेली. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. भावानं काठीनं पानं बाजूला सारली, सुपाएवढी जागा केली आणि तिथं मडकं रिकामं केलं. राख वाहिली नाही. मुळांत, पानांच्या देठांत अडकून राहिली. काठी काढल्यावर पानं पुन्हा जवळ आली.

"वाहतं पाणी लागतं ना गं," आई हळूच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुझं ते गवत इथं नाही का लावता येणार?"

येईल की, मी म्हणाले. जागा लागेल, नगरपालिकेची परवानगी लागेल, गटारं आधी वळवावी लागतील...

"आणि बघणार कोण त्याच्याकडं?"

माझं परतीचं तिकीट काढलेलंच होतं.

आता शेवटच्या पाइपापाशी नमुना घ्यायला जाते, तेव्हा ग्लव्हज घालून बाटली भरते. पाणकणीस चांगलं दाटलंय. बाबांनी बघितलं त्याहून पाणी नितळ येतं. मूठभर राख त्या मुळांनी कधीच पचवली असती, माझ्या आकड्यांत ती दिसलीही नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं.