ढकलल्यान

“खाल्ल्यानं काय झालं?” मी विचारलं.

आमची कॉन्स्टेबल मनीषा माझ्याकडे बघतच राहिली. आम्ही जीपमधून आचऱ्याहून परत येत होतो आणि ती ड्रायव्हरला सांगत होती, “मांजरान माझो बांगडो खाल्ल्यान.” मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. मांजराने खाल्ल्यानं काय? ती उपाशी राहिली? चक्कर आली?

“पुढे काही नाही साहेब. मांजराने खाल्ला. संपलं.”

मग तिने मला समजावलं. मालवणीत ‘खाल्ल्यान’ म्हणजे ‘त्याने खाल्लं’. ‘त्याने’ वेगळं म्हणावंच लागत नाही, ते त्या शब्दातच आलं. मी विट्याकडचा. आमच्याकडे ‘खाल्ल्यानं’ म्हणजे खाल्ल्यामुळे. ड्रायव्हर हसायला लागला, मीही हसलो. आणि दोन मिनिटांनी मला शेवंतीमावशीचा जबाब आठवला.

दोन हजार तीन-चारची गोष्ट आहे. मी पीएसआय होतो, किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात येऊन आठ महिने झाले होते. ठाण्याचं नाव सांगत नाही. शेवंतीमावशी मासे विकायची. जत्रेच्या बंदोबस्तात पोलिसाने पाडलं, उजवं मनगट मोडलं, असा तिचा तक्रार अर्ज आला होता. चौकशी माझ्याकडे. ती समोर बसून म्हणाली होती, “थंय हवालदार होतो. मी गर्दीत होतंय. ढकलल्यान. पडलंय.”

मी शुद्ध मराठीत लिहिलं: ‘तेथे हवालदार बंदोबस्तास हजर होते. गर्दीत ढकलल्याने मी पडले.’

जबाब झाला की तो वाचून दाखवायचा आणि ‘माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असं वदवून अंगठा किंवा सही घ्यायची, हा नियम. मी वाचून दाखवला. ती मान हलवून म्हणाली, “होय, ढकलल्यान.” तिला तिचा शब्द ऐकू आला, मला माझा. अंगठा उठला. हवालदाराला मी विचारलं, गर्दीत ढकलाढकल झाली का? तो म्हणाला, झाली. अर्जात काहीही असलं तरी बाई स्वतः पोलिसाने ढकललं असं म्हणत नाही, असं धरून मी अहवाल दिला की पोलिसांची कसुरी, म्हणजे कामातली चूक, दिसून येत नाही. प्रकरण दप्तरी दाखल. मावशीला पत्र गेलं: तक्रारीत तथ्य आढळले नाही.

या पत्राने काय केलं ते मनीषाने मला जीपमध्येच सांगितलं. बाजारात म्हातारी खोटारडी ठरली होती. पोलिसांवर खोटी तक्रार करणाऱ्या बाईशेजारी टोपली लावायला बायका कचरत होत्या. मनगट एव्हाना जुळलं होतं. पण घरी सूनही विचारत होती, खरं सांगा, तुम्हीच पाय घसरून पडलात ना?

ठाण्यात आल्याआल्या मी जबाबाची प्रत काढली. तीनदा वाचली. माझाच मला इतका राग आला की टेबलावरचा चहा तसाच ठेवून उठलो. आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा, म्हणाला, “जाऊ द्या हो साहेब. मिटलेलं प्रकरण. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेता?” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी डीवायएसपी साहेबांसमोर उभा राहिलो. माणूस तापट. तोफ कधी सुटेल नेम नाही.

“सर, मी जबाब चुकीचा लिहिला.”

“मुद्दाम?”

“नाही सर. भाषा कळली नाही.”

“मग आठ महिने जबाब कसले घेताय?”

मी फाईल पुढे केली. त्यांनी फाईल वाचली. हवालदार जुना आहे, चांगला आहे, हे माहीत आहे ना, असं विचारलं. मी म्हणालो, माहीत आहे सर, पण बाईही खोटी नाही. त्यांनी फाईल मिटली.

“पुरवणी जबाब घ्या. तिच्याच शब्दांत, एक अक्षर बदलायचं नाही. आधीचा कसा चुकला तेही लिहा, खाली तुमची सही. वर मी बोलतो.”

आमच्या ठाण्यात मालवणीत लिहिलेला तो पहिला जबाब. मनीषाने लिहिला, मी फक्त प्रश्न विचारले. तो मी हवालदारासमोर ठेवला. आम्ही त्यांना बापू म्हणायचो. तिथलेच, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

“होय,” ते म्हणाले. “ढकललंय.”

एकदा पोळलो होतो. “म्हणजे कोणी, बापू?”

“मी, साहेब. रांगेचा दोर सुटत होता, घाई झाली. ती पडलेली मी बघितली. तरी मागे वळलो नाही. तुम्ही असं सरळ विचारलंच नव्हतं.”

बापूंना लेखी ठपका मिळाला. मला सक्त ताकीद, ती माझ्या सेवापुस्तकात आजही आहे. आमच्या खात्याबद्दल लोक काय काय बोलतात ते मी आयुष्यभर ऐकलं, त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण आमच्या जिल्ह्यात खात्याने आपलं पत्र आपणच रद्द केलं, हे मी छाती फुगवून सांगतो.

साहेबांचा हुकूम होता, नवं पत्र पोस्टाने जाणार नाही. जिथे ती खोटी ठरली तिथेच वाचायचं. ऐन बाजारात मी आणि बापू तिच्या टोपलीसमोर उभे राहिलो. मी वाचलं. मावशीने मनीषाकडे बघितलं.

“हवालदारान ढकलल्यान, असा लिवलेला आसा,” मनीषा म्हणाली.

बापूंनी टोपी काढून हात जोडले. मावशीने आधी शेजारच्या बायकांकडे मान वळवली. “आयकलात मा गो?” मग माझ्याकडे. “माका म्हायत होता, सायबांनू. तुमका कळाक व्हया होता.” खरंच, मलाच कळायला हवं होतं.

माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पीएसआयला मी पुढे हेच सांगत आलो. जबाबात ‘पडले’, ‘लागले’, ‘ढकलल्याने’ असं काही आलं की पेन थांबवायचं आणि विचारायचं, कोणी? उत्तरात आपल्याच ठाण्यातलं नाव आलं तरी ते लिहायचं.