उशिरा येणाऱ्या दामले बाई

दामले बाई मयताच्या घरी कधीच वेळेवर जायच्या नाहीत. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गेलं की बाईंचं दार बंद. पाहुणे पांगले, फोटोवरचा हार सुकला, की मग एखाद्या दुपारी त्या यायच्या आणि गेलेल्या माणसाच्या खोलीत नुसत्या बसून राहायच्या. तळमजल्यावरची सिंधी भाभी तोंडावर म्हणायची, "दीदी, आपकी गाड़ी हमेशा लेट!" बाई हसायच्या. "लखलखाट बघायला सगळेच धावतात, भाभी. मागचं कोण बघणार?"

उल्हासनगरच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या. तिशीतच विधवा झालेल्या. मी आठवी पास, पण रद्दीतलंही वाचून काढणारी, म्हणून आमचं जमायचं.

आमचे हे आनंदनगरच्या कंपनीत ड्युटीवरच गेले. हार्ट अ‍ॅटॅक. मुलगा पुण्याहून मागे लागला, "आई, फ्लॅट विकू, तू इकडे ये." मी हो म्हणेना, आणि कारणही सांगता येईना. काय सांगणार? आधी यांच्या आरामखुर्चीची गादी हाताला गरम लागायची. मग ते थांबलं, आणि भर दुपारी पॅसेजच्या टोकाला पांढरा शर्ट दिसायला लागला. पुढे तोही दिसेना. उरलं फक्त बेसिनपाशी यांचं खाकरणं.

कितीतरी महिन्यांनी बाई आल्या, तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, वेड्यात काढतील. तर शांतपणे म्हणाल्या, "क्रम बरोबर आहे."

माझ्या अंगावर काटाच आला हो!

"लांब कुठंतरी एखादा प्रचंड तारा कोसळतो," बाई सांगत होत्या. "गॅमा किरणांचा लखलखाट होतो आणि क्षणात संपतो. पण त्यातून सुटलेला झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतो, आणि मग तो वायू चमकत राहतो. लहरी सगळ्याच निघत असतात, पण झोत मंदावतो तसा जोर लांब लहरींकडे सरकत जातो. आधी क्ष-किरण, मग दुर्बिणीत दिसणारा उजेड, आणि तोही विझला की रेडिओच्या लांब लहरी. त्या महिनोन्‌महिने येत राहतात."

"म्हणजे हे अजून आहेत?"

"नाही गं. ते तेव्हाच संपले. चमकतंय ते आजूबाजूचं. तूच ते आजूबाजूचं, सुमन. खुशाल फ्लॅट वीक. जाशील तिथं ते तुझ्याबरोबर—"

बेसिनपाशी कुणीतरी खाकरलं.

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी तिकडे मान वळवली. मी काही बोलायच्या आत त्या उठल्या, चपला घातल्या, आणि दारातून हळूच म्हणाल्या, "एवढ्यात विकू नकोस."

त्या पुन्हा घरी आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "अजून?" मी म्हणायची, "अजून. पण बारीक झालंय." मग एका उन्हाळ्यात मी नुसती 'नाही' म्हणून मान हलवली. बाई तिथंच पायरीवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मी पाठीवरून हात फिरवला, तर म्हणाल्या, "माझ्याकडे कधी काहीच आलं नाही गं. किती ऐकत बसले मी."

त्याच संध्याकाळी मी मुलाला फोन केला, की घ्यायला ये.