चांगदेवची मानाची चढाई

उरणच्या खाडीकाठी, मिठागरावर राबणाऱ्या घरात चांगदेव घरत जन्मला आणि कबड्डीत उडाला. चार गड्यांनी हात धरून साखळी केली, की बाकीचे चढाई करणारे मागे सरत. हा तिच्यावरून जाई. पाय मध्यरेषेपलीकडे टेकेपर्यंत मैदान श्वास धरून असे. पंधरा वर्षं तो खेळला. मग गुडघा गेला, खेळ सुटला. उडी सुटली नाही.

लोक सोडू देईनात. पेणपासून म्हसळ्यापर्यंत कुठेही स्पर्धा असो, नारळ फुटला की पहिली मानाची चढाई चांगदेवची. यजमान गावाचा बनियन घालून तो आत जाई. पाहुण्याला पकडायचं नाही, असा रिवाज. उडी होई, टाळ्या पडत, तो स्टेजवर शाल घ्यायला जाई आणि खरा सातवा गडी मैदानात उतरे. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा न्हावा शेव्याच्या बंदरात कामावर, ट्रेलर लावून देत उभा.

गेल्या वर्षी लेकीनं, अमिषानं, मोबाइलवर त्याला त्याचीच उडी दाखवली. त्यानं ती चारदा पाहिली. साखळीतल्या चौघांची डोकी गुडघ्यांना टेकली होती.

"मी कुठं उडतोय? पोरं वाकतायत," तो म्हणाला.

या माघात स्पर्धा त्याच्याच गावात होती. निघताना बायको गोदू म्हणाली, "या वयात माकडानं पण झाड सोडलं असतं."

"आज वाकू देणार न्हाय त्यांना."

"मग पडाल."

"पडीन."

शेजारच्या गावचा संघ समोर होता. त्याचा कप्तान परेश. चांगदेव त्याच्यापाशी गेला. "साखळी सरळ धर. आणि पकड मला."

"काका, तुमचा गाव हाणंल आम्हाला."

"न्हाय पकडलंस तर मी हाणीन."

दम घुमवत तो आत शिरला. साखळी ताठ होती. त्यानं उडी घेतली. पाऊल परेशच्या खांद्याला अडलं आणि चौघं त्याच्यावर कोसळले. मध्यरेषा वीतभर लांब होती. हात पोचला नाही. दम सुटला.

पंचांनी शिट्टी ओठांना लावली आणि न वाजवताच खाली घेतली. "दादा, मानाचीच चढाई ती. उठा, शाल घ्या. सातवा गडी तयार आहे."

"वाजवा. बाद झालोय मी."

शिट्टी वाजली. टाळी एकही नाही. चांगदेव लंगडत बाद गड्यांच्या जागी जाऊन मातीत बसला. मंडळाचे अध्यक्ष तुकाराम पाटील शाल घेऊन धावत आले. "अरं, स्टेजवर चल! दुसरा गडी घेऊ."

"बाद गड्याच्या जागी दुसरा घेता येतो? विचारा पंचांना."

पंचांनी नाइलाजानं मान हलवली. घेता येत नव्हता.

"झाला तमाशा," गर्दीतून गोदू म्हणाली; पण पाण्याची बाटली तिनंच आणून दिली.

तिसऱ्या चढाईत गावच्या गड्यानं समोरचा एक टिपला, तसा नियमानं आपला बाद गडी जिवंत झाला. चांगदेव उठला, आत गेला आणि उजव्या कोपऱ्यात वाकून उभा राहिला. पुढची चढाई परेशची. त्यानं एकदा चांगदेवकडे पाहिलं, आणि थेट त्याच्या दुखऱ्या पायावर चालून आला.