भाडेकरू काकांचं नागपूर

नागपूरवर इतक्या निष्ठेनं रागावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या रामदासपेठेतल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत वाईहून बदलून आलेले एक सरकारी कारकून बायकोसह अकरा वर्षं राहिले. आम्ही त्यांना भाडेकरू काका म्हणायचो. आले त्याच दिवशी त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. बदलीचा अर्ज दिलाय." त्या सहा महिन्यांपायी त्यांनी घरात एक खुर्चीसुद्धा घेतली नाही. पाहुण्यांना बसायला सामानाची देवदारी खोकी. एकदा खिळ्याला अडकून वडिलांचं धोतर टरकलं, तर काका म्हणाले, "वाईला या, तिथे झोपाळा आहे." उन्हाळ्यात ते भर दुपारी ओसरीतल्या थर्मामीटरसमोर उभे राहायचे आणि पारा किती चढला ते पोस्टकार्डावर वाईला आपल्या आईला कळवायचे. वळिवानं पारा उतरला, की कोणी फसवल्यासारखा चेहरा करायचे. संत्र्यांना त्यांनी 'ठीक' यापलीकडे कधी शेरा दिला नाही, आणि तेवढा द्यायला त्यांना एका बैठकीत नऊ संत्री लागायची. आईनं सांबारवडी दिली तेव्हा, "वहिनी, कोथिंबिरीला सांबार म्हणणं बरोबर नाही," असं बजावत त्यांनी ताटली संपवली आणि मुद्दा नीट पटवायला दुसरी मागितली.

दूधवाल्याची तर रोज सकाळी शिकवणी. तो म्हणायचा, "म्हैस आज कमी दूध देऊन राह्यली, काका." काका पातेलं पुढे धरून म्हणत, "देऊन राह्यली नाही. देते आहे." "हो जी, कमीच देते आहे," तो म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूळपदावर.

मग एका फाल्गुनात काकूंचं पोटाचं ऑपरेशन तातडीनं ठरलं. रक्त हवं होतं आणि काकांचं जुळेना. वाई कुठल्या कुठे. ते दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून नुसते उभे होते. वडिलांनी गल्लीत निरोप दिला. तासाभरात सातजण हजर. जुळलं ते दूधवाल्याचं. बाही वर करत तो म्हणाला, "काहून घाबरून राह्यले, काका? मी आहो ना जी." काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. ओठ हलले, पण दुरुस्ती काही बाहेर आली नाही.

काकू बऱ्या झाल्या, आणि त्याच महिन्यात बदलीचा हुकूम आला. काका तीन दिवस तो खिशात घेऊन फिरले. काकूंनासुद्धा सांगितलं नाही. शेवटी त्यांची आई वाईला एकटी, म्हणून गेले. गाडी सुटेपर्यंत ते नागपूरच्या पाण्याला नावं ठेवत होते. दुसरं काही बोलायला गेले असते, तर रडूच आलं असतं.

चार वर्षांनी मी वाईला गेलो. घाटावर काकांच्या मित्रांपैकी एकजण म्हणाला, "नागपूर म्हणजे नुसता रखरखाट." काका ताडकन म्हणाले, "तुम्ही राहिलात का तिथे?" मग मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या रस्त्यावरचे कडुलिंब फुलले असतील ना आता? संध्याकाळी वास येतो, गोडसर."

मी हो म्हणालो. खरं तर त्या रस्त्यावर मी जन्मापासून हिंडलो होतो आणि मला असला वास कधी आला नव्हता. नागपूरला परतल्यावर एका संध्याकाळी आमच्या रस्त्याच्या तोंडाशी मी सायकलवरून उतरलो आणि घरापर्यंत हळूहळू चालत गेलो. येत होता.