टेकू आणि आढं

माझ्या मामासारखा माणूस किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत दुसरा झाला नाही, आणि खरं सांगू, झाला नाही तेच बरं. दोन असते तर कुणाला तोंड उघडायची सोय राहिली नसती! मामा घरांची लाकडी छपरं उभी करायचा. त्यामुळे समोरचा बोलायला लागला की त्यातही त्याला छप्परच दिसायचं. सगळं बोलणं ज्या एका गोष्टीसाठी चाललंय ते छपराच्या माथ्यावरचं आढं, त्याला खालून धरणारी कारणं म्हणजे टेकू, आणि उरला तो पालापाचोळा. "बोल बिनधास्त," म्हणायचा, "फक्त यातलं आढं कंचं नि टेकू कंचा, तेवढं सांग." एकदा एसटीचा कंडक्टर म्हणाला, टायर खराब आहे, पाऊसही येईलसं वाटतंय, गाडी शहापूरला जाणार नाही. आम्ही मुकाट पिशव्या उचलल्या. मामा मात्र पायरीवर पाय रोवून उभा. "गाडी जायाची नाय, हे आढं. टायर हा टेकू, कबूल. पावसाला कशाला मधी घेतला? त्याच्यावर काय टेकलंय?" कंडक्टरने कपाळाला हात लावला. मामेबहिणीला बघायला आलेले पाहुणे तर पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठले. "आमचं भात तालुक्यात एक नंबर, तेव्हा मुलगी आमच्याकडेच द्या," असं ते म्हणाले, आणि मामा म्हणाला, "हा टेकू जेवाया येण्याला पुरल, नांदायला नाय पुरायचा." मामीने आठवडाभर अबोला धरला. मामाला वाटलं, तिला पटलं.

बारावीनंतर मला नाशिकला नर्सिंग शिकायचं होतं आणि बाबा काही केल्या ऐकेनात. आई नव्हती, म्हणून मी मामाला बोलावून आणलं. ओट्यावर बसून बाबा तासभर बोलले. एसटीचा भरवसा नाही, हॉस्टेलचं जेवण बाधतं, लोक नावं ठेवतील, आणि हिच्या आईमागे घरात सांजेला दिवा लावायला कोण आहे? मामाने सवयीने एकेक टेकू काढून बघितला. एसटी काढली, जेवण काढलं, लोक काढले. बाबांचा नकार तसूभर हलला नाही. दिव्यापाशी आल्यावर मात्र मामाचा आवाज उतरला. "दाजी, बाकीचे सगले टेकू शोभेचे. भार ह्यो एकटाच धरून हाय. तुमाला एकट्याला करमायचं नाय, एवढंच ना?" बाबा खाली मान घालून सुपारी कातरत राहिले. "मंग मी येत जाईन रोज सांजचा," मामा म्हणाला. मी नाशिकला गेले, आणि बाबा होते तोवर मामा रोज संध्याकाळी अर्धा तास पायवाट तुडवून आमच्या ओट्यावर येत राहिला.

पुढे मला तिकडेच नोकरी लागली, लग्न झालं. दर रविवारी गावातल्या बूथवरून मामाचा फोन यायचा. "करवंदं पिकलीत गो. गायीला पाडी झाली. एसटी आता टायमावर येते. मला जरा कमी दिसाया लागलंय." मी म्हणायचे, हो का, बरं, डोळ्यांत औषध घाल, ड्युटीला उशीर होतोय, ठेवते. मेली ती ड्युटी! मला त्या गावाकडच्या बातम्याच वाटायच्या. इतकी वर्षं त्याच्या हाताखाली शिकले, पण एकदाही विचारलं नाही की मामा, हे सगळे टेकू आहेत, आढं कुठंय?

तो गेल्यावर मामीकडूनच कळलं. दर रविवारी फोन करून घरी आला की तिला म्हणायचा, "मी टेकू उभे केलेत. आढं पोरीनं चढवावं."

आता करवंदं पिकली की मी रजा टाकून जाते. मामी द्रोण भरून पुढ्यात ठेवते. मी त्यांच्या ओट्यावर मामाच्या जागी भिंतीला पाठ टेकवून बसते आणि त्याचा राग राग येतो. नुसतं 'ये' म्हणायचं होतंस ना रे मामा! एका अक्षरावर आले असते मी, एकही टेकू न लावता.