साहेबांचा पाचवा लेख

मी चौथी पास, तीही कशीबशी. लिहिलेलं वाकडंतिकडं वाटलं तर वाटू द्या.

मध्यभारत होता तेव्हा इंदुरात मी एका दवाखान्यात, रक्त तपासायच्या खोलीत शिपाई होतो. आमचे डॉक्टरसाहेब एकाच आजाराच्या मागे हात धुऊन लागलेले. रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तो. लोक रक्ताचा कॅन्सर म्हणत, साहेब ल्युकेमिया म्हणत. त्यावर ते इंग्रजीत लेख लिहीत आणि ते मुंबई-मद्रासकडच्या मासिकांत छापून येत. चार आले होते. प्रोफेसरच्या जागेसाठी ग्वाल्हेरला सरकारकडे लेखांची यादी पाठवायची होती, आणि साहेबांना ती लांब हवी होती.

मी रक्त तपासायच्या काचा धूत असे, पण माझा खरा उपयोग वेगळा होता. त्या आजाराचं माणूस गेलं की साहेबांना आत काय झालं ते बघायचं असे. पाणथरी, म्हणजे प्लीहा, लिव्हर, हाडातला मगज. त्याला घरच्यांची परवानगी लागे, आणि साहेबांची भाषा खेड्यातल्या माणसाला कळत नसे. मग मला पाठवत. गौतमपुऱ्याचा एक म्हातारा, लेक गेलेला, पाय धरून म्हणाला, "अब ईके मत चीरो, भिया." मी त्याला उठवलं, पाणी पाजलं. "बाबूजी, टांके लगा देंगे, पता भी नी चलेगा. दूसरे के बच्चे बचेंगे." त्यानं अंगठा दिला. साहेब म्हणाले, "माझे लेख तुझ्या जिभेवर चाललेत रे." मला केवढं भारी वाटलं होतं!

मग माझ्या बायकोच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. कुठं आपटलेलं नाही, काही नाही. हिरड्यांतून रक्त. तिच्या रक्ताची काच मीच रंगवली. साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि मला म्हणाले, जा, माझ्यासाठी चहा घेऊन ये. साहेब चहा पीत नसत. तिथंच मला कळलं.

दिवाळीनंतर दवाखान्यात आणली तिला, होळी काही तिनं पाहिली नाही. माझं काम तिला ठाऊक होतं. एकदा खाटेवरून म्हणाली, "अहो, मी गेले की साहेबांना नाही म्हणू नका. जगाला समजावत फिरलात, माझ्या वेळी तोंड लपवाल."

"चूप बस."

"चूप काय बस? मेल्यावर मला काय कळणारे? लिहू द्या त्यांना."

ती सकाळी गेली. साहेब आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले. असे ते कधी बसले नव्हते.

"तुला मी काय समजावू? तूच सगळ्यांना समजावतोस."

"नाही, साहेब."

"अरे, हिची केस वेगळी होती. ती स्वतः मला हो म्हणाली होती."

"मलाही म्हणाली होती. मी नाही म्हणतोय."

"मग उद्या दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगशील?"

"नाही सांगणार."

आणि नाहीच सांगितलं पुन्हा कुणाला. टाके कसे घालतात ते मी रोज बघत होतो. पोत्याला घालतात तसे. त्या म्हाताऱ्याला मी म्हटलं, पता भी नी चलेगा. खोटं बोललो मी. पता चलता है.

वर्षभरानं पाचवा लेख छापून आला. साहेबांनी बोलावून मला मराठीत सांगितला. तरुण स्त्री, अंगावर डाग, पाणथरी वाढलेली. शेवटी, नातेवाइकांनी शवविच्छेदनाला परवानगी दिली नाही.

"नातेवाईक कोण, साहेब? तिचा भाऊ महूहून आला होता, तो तर तयार होता."

"लिहायची पद्धत असते ती."

"आणि ती हो म्हणाली होती, ते कुठाय?"

"ते कोण लिहितं रे?"

ग्वाल्हेरच्या फाइलीत लेख लावायचे माझ्याकडेच होते. पाचव्याच्या समासात मी टाकानं लिहिलं: बाई हो म्हणाली होती, नवऱ्यानं नाही म्हटलं. जेवढं येत होतं तेवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं.

साहेबांनी पाहिलं. "छापील कागदावर लिहितात का, गाढवा?"

"तुम्ही लिहिलं नाही म्हणून लिहिलं."

कपाटात त्या लेखाच्या आणखी प्रती होत्या. साहेबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाले, "बांध ती फाइल." मी बांधली. तशीच गेली. साहेब प्रोफेसर झाले, आणि मला त्या खोलीतून काढून फाटकावर बसवलं. बसलो.

आता हा आजार कितीकांचा बरा होतो म्हणतात. साहेबांसारख्यांच्या लेखांमुळेच होत असेल, मी कुठं नाही म्हणतो? तिच्यातून कुणाला काही मिळणार असेल तर ते मी अडवलं. तिचा शब्दही मोडला. त्याचं जे व्हायचं ते होऊ दे. पण मी तिला अख्खी नेली.